हात दाखवा, शर्यत थांबवा

पारसिकच्या टेकडीवर हौशी मोटारवाल्यांच्या मंडळाची चढाईची शर्यत झाली, तिच्यात आमची गाडी सहा माणसं घेऊन वर पोहोचली. निघताना आम्ही दोघंच होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि राहायला नेरूळला. आमच्याकडे एक गाडी होती. ती वयानं माझ्यापेक्षा मोठी. मी अजून टेंपररी होतो, तेव्हा आमच्या साहेबांनी निवृत्त होताना पैसे घेऊन ती माझ्या गळ्यात मारली, आणि मी तो आशीर्वाद समजून घेतला! थंडीत ती सुरू व्हायची नाही आणि उन्हाळ्यात बंद व्हायची नाही. (किल्ली काढून खिशात टाकून मी जिना चढायला लागलो तरी खाली तिची धडधड चालूच असायची.) सोसायटीच्या आवारात तिनं तेलाचं असं तळं केलं होतं की सेक्रेटरी तिथून जाताना माझ्या नावानं काहीतरी पुटपुटायचे. पुटपुटताना एकदा घसरलेसुद्धा.

"विका ती," माझी बायको सुमन रोज म्हणायची. "तिनं कधीतरी आपल्याला कुठं नेऊन पोहोचवलंय का?"

"वाशीला लग्नाला गेलो होतो की!"

"गेलो होतो. पंगत उठल्यावर. आणि शेवटचा अर्धा रस्ता मी ढकलत. शालू नेसून!"

यावर मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. तिथंच मला शर्यतीची जाहिरात दिसली. टेकडीचा रस्ता रविवारी सकाळी बंद ठेवणार, एकेक गाडी खालून सोडणार आणि वर घड्याळ लावून वेळ मोजणार. जुन्या गाड्यांचा गट वेगळा! मी जेवता जेवता जाहीर केलं, "आपण उतरतोय."

सुमननं पोळी लाटणं थांबवलं. "ठीक आहे. स्वतःच्या चाकांवर वरपर्यंत गेली, तर ठेवा तिला जन्मभर. नाही गेली, तर संध्याकाळी पनवेलचा भंगारवाला येईल. मी आजच सांगून ठेवते त्याला."

आता प्रश्न माझ्या इज्जतीचा होता. आणि त्यातून गाडीची एक अडचण होती. तिचा पहिला गिअर टिकायचा नाही. टाकला की टुणकन उडी मारून बाहेर! चढावर तो कुणीतरी हातानं दाबून धरावा लागे. जुन्या गाड्यांच्या गटात सोबत माणूस घेतलेला चालत होता, म्हणून मी सासऱ्यांना विचारलं. मामा (मी त्यांना मामाच म्हणतो) साताऱ्याहून चार दिवसांसाठी आले होते. सगळी नोकरी घाटातून सरकारी बस चालवण्यात गेलेली, आणि निवृत्त झाल्यापासून कुणाच्या शेजारी नुसतं बसायचं म्हणजे त्यांना शिक्षा वाटायची.

"गिअर धरायला व्हय?" ते म्हणाले. "धरतो की. जावईबापू म्हणतील तसं."

रविवारी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी रांगेत लागलो. सुमन आधीच वर जाऊन उभी राहिली होती, निकाल डोळ्यांनी बघायला. आमची पाळी आली आणि गाडी बंद पडली. मी ऐटीत हँडल घेऊन उतरलो, ते समोर घातलं आणि फिरवलं. गाडी सुरू झाली. पण त्याआधी हँडलनं उलटा असा झटका दिला की माझं उजवं मनगट बघता बघता वडापावाएवढं झालं! स्टिअरिंग धरायचं सोडा, मला रुमालही धरता येईना.

निशाण घेऊन उभे असलेले टोपीवाले साहेब वैतागले. "दुसरा ड्रायव्हर आहे का? नाहीतर गाडी बाजूला घ्या."

मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून लायसन्स काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. बसण्याआधी त्यांनी गाडीला नमस्कार केला, काच पुसली, आरसा नीट केला. आरसा निखळून हातात आला, तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

मी डाव्या बाजूला. उजवा हात कामातून गेलेला, तेव्हा गिअर डाव्या हातानं दाबायचा. त्यासाठी मला पूर्ण वळून, दाराला पाठ लावून बसावं लागलं. त्यामुळे रस्ता मला दिसतच नव्हता. दिसत होता तो फक्त मामांचा डावा कान.

निशाण पडलं. गाडी जागची हलली नाही.

"मामा, चला!"

"डबल बेल कुठाय?"

"काय?"

"डबल बेल दिल्याबिगर मी गाडी हालवत न्हाय. जल्मात हालवली न्हाय."

घड्याळ चालू होतं! लोक बघत होते! मी मान खाली घालून म्हणालो, "टिंग टिंग."

गाडी निघाली. आणि काय निघाली! मामांच्या हातात ती गरीब गाईसारखी चालायला लागली. पहिला चढ आम्ही असा घेतला की मला मनातल्या मनात चषक दिसायला लागला. वळणावर, मामांच्या बाजूच्या खिडकीतून दिसेल असा, मंडळाचा एक स्वयंसेवक उभा होता. रस्ता मोकळा आहे अशी त्यानं हातानं खूण केली.

मामांनी ब्रेक मारला.

"बोला साहेब, कुटं जायचंय?"

"अहो, मला कुठं जायचंय! तुम्ही जा! टाइम चालू आहे!"

"मंग हात कशाला केला?" मामांनी त्याला सुनावलं आणि माझ्याकडे बघून थांबले. मी मुकाट्यानं टिंग टिंग म्हणालो.

पुढच्या वळणाला पुन्हा ब्रेक. या वेळी बायकांचे आवाज आले. "ओ डायवर! थांब रं! वर जातंस नं?"

त्या खालच्या दिवाळे गावातल्या कोळणी होत्या. वरच्या बंगल्यांतून सुकं म्हावरं विकायला निघालेल्या. "रस्ता बंद केलान मेल्यांनी, एक रिक्षा येत नाय. पाय मोरलं आमचं!"

"या, या मावशी, मागं रिकामंच हाय," मामा म्हणाले.

"मामा! शर्यत चालू आहे!"

"आवो, मग आपन बी वरच निगालोय की. मोकळी गाडी न्यायाची व्हय घाटातनं?"

मागचं दार उघडलं आणि चार कोळणी, चार पाट्या, सुकट, बोंबील आणि एक वास असे सगळे आत आले. मागची स्प्रिंग बसली. पुढचा भाग वर उचलला गेला, आणि आता मला मामांच्या कानामागे निळं आकाश दिसायला लागलं.

तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न. आमच्यानंतर सोडलेली लाल, बिनटपाची गाडी येऊन ठेपली होती! तिच्यातला गॉगलवाला जीव खाऊन हॉर्न मारत होता. मामांनी शांतपणे हात खिडकीबाहेर काढला आणि त्याला मागेच राहायची खूण केली. "घाटात ओव्हरटेक न्हाय," ते मला म्हणाले. "आईबापांनी शिकवलं न्हाय काय याला?"

शेवटचा चढ सगळ्यांत खडा. गाडी घुसमटली, धूर सोडायला लागली, थरथरली. गिअर माझ्या पंजाखाली जिवंत माशासारखा वळवळत होता. भंगारवाला मला स्पष्ट दिसायला लागला. आता खरंच रडू येणार, इतक्यात मामा गरजले, "पुडं सरका! पुडं सरका! दारात कुनी थांबू नका!"

चारही कोळणी एकदम पुढे झुकल्या. एक पाटी माझ्या डोक्यावर, एका मावशींचं कोपर मामांच्या खांद्यावर. "चल गो बाय, चल!" त्या गाडीला म्हणायला लागल्या. मीही म्हणायला लागलो. आणि ती चालली! मुंगीच्या पावलांनी का होईना, पण चालली. केसांत सुकट आणि डोळ्यांत पाणी (सुकटीमुळेच!) अशा अवस्थेत मी अंतिम रेषा ओलांडली. ती न बघताच.

वर लोक हसत सुटले. लाल गाडीवाला तक्रार करायला धावला. मंडळाच्या अध्यक्षांनी नियमांचे कागद दोनदा चाळले आणि घाम पुसत म्हणाले, "वाटेत प्रवासी घेऊ नयेत असं यात कुठं म्हटलेलं नाही. असं कुणी करील हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं." लाल गाडीला दुसरी संधी मिळाली आणि आम्हाला शेवटचा नंबर. नंबर मात्र अधिकृत!

सुमन गर्दीतून पुढे आली. तिनं धुरानं काळवंडलेले वडील बघितले, कोळणी बघितल्या, डोक्यावर पाटी घेऊन उलटा बसलेला नवरा बघितला. मी म्हणालो, "पोहोचली. स्वतःच्या चाकांवर."

ती इतकी हसली की तिला गाडीलाच टेकून उभं राहावं लागलं. "ठेवा," डोळे पुसत ती म्हणाली. "ठेवा तिला. बाबांचा असा खुललेला चेहरा मी कितीतरी वर्षांनी बघतेय." मग माझ्या मनगटाकडे लक्ष गेल्यावर तिनं ओढणी सोडून ते घट्ट बांधलं, आणि बांधता बांधता पुन्हा हसायला लागली.

तिकडे कोळणींनी पाट्या मांडून शर्यतीच्या पाहुण्यांनाच बोंबील विकायला सुरुवात केली होती. शेवटची पाटी मी एका हातानं गाडीतून उतरवत होतो. सगळ्यांत म्हाताऱ्या मावशी माझ्याकडे बघत मामांना म्हणाल्या, "कंडक्टर गरीब हाय तुजा. नवीन लागलाय काय?"

"न्हाय मावशी," मामा म्हणाले. "जावई हायती. पर्मनंट."

कचेरीत पर्मनंट व्हायला मला साहेबांची जुनी गाडी विकत घ्यावी लागली होती. इथं एका चढात काम झालं!