कस्तुराताईंनी विचारलं होतं

आमच्या वस्तीत लग्नाची पत्रिका कुणालाही येते, अक्षता मात्र ठरावीक घरीच येतात. पत्रिका टीव्हीवर पडून राहिली तरी चालतं. पण कुणी उंबऱ्यावर येऊन हातात चार कुंकवाचे तांदूळ ठेवले की जावंच लागतं. नाही गेलं तर त्या घराशी बोलणं मोडलं असं समजतात. कस्तुराताईंच्या हातावर पाच वर्षांत कुणी तांदूळ ठेवलेले नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

कस्तुराताई आमच्या वस्तीच्या आशाताई. कुरुळीच्या पुढे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे आमची वस्ती. त्यांचा नवरा प्रेसशॉपला होता, कंपनीतून येताना हायवेला अपघातात गेला. पदरात एक मुलगा. बाई नववी शिकलेली होती, म्हणून तिला आशाचं काम मिळालं. कुणाच्या घरात कितवा महिना चाललाय, कुणाच्या बाळाचा कुठला डोस राहिलाय, सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या तेजलच्या वेळी हे पहिल्या शिफ्टला गेलेले आणि इकडे कळा सुरू झाल्या. ताईंनी रस्त्यात भाजीचा टेम्पो अडवला. टोमॅटोचे क्रेट स्वतः खाली उतरवले आणि मला वर घातलं. टेम्पोवाला बोंबलत होता, "ओ बाई, माझा माल!" ताई म्हणाल्या, "तुझा माल पिकतोय अजून, हिचा पिकलाय. चल, दाब गाडी."

अशी बाई. वस्तीत येताना लांबूनच हाक मारायची, हसायची.

एकवीस सालच्या चैत्रात शाळेत लसीचं शिबिर लागलं. जानेवारीतच पंचायतीची निवडणूक झालेली, तिचा राग कुणाचा उतरला नव्हता. निवडून आलेल्या अर्जुनरावांनी शाळेच्या फाटकाला फ्लेक्स लावला. त्यावर सुई एवढीशी आणि अर्जुनराव एवढे मोठे. पडलेल्या पॅनेलचा भीमराज चौकात बसून सांगायचा, "फोटो त्याचा आन् सुई तुमच्या दंडात. टोचा की! ताप आला तर अर्जुनराव येईल पाय चेपायला." व्हॉट्सॲपवर काय काय यायचं. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, बायकांना मूल राहत नाही. लोक खरंच घाबरले होते. त्यांना मी हसणार नाही, मीही घाबरले होते. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतून तीन माणसं कोरोनाने गेली होती आणि त्यांची तोंडंही कुणाला बघता आली नव्हती. भीती दोन्हीकडून होती. घरात बसावं तर रोगाची, बाहेर पडावं तर सुईची.

पहिल्या दिवशी शिबिराला सात माणसं आली. त्यांतले दोघे अर्जुनरावांचे भाऊ.

तेव्हा कस्तुराताईंनी एक केलं. स्टीलच्या डब्यात तांदूळ घेतले, कुंकू कालवलं आणि दारोदार निघाल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हातावर तांदूळ ठेवायच्या. "अर्जुनरावाचं न्हाई, भीमराजाचं न्हाई. माझ्या घरचं आवतण हाय. उद्या शाळेत या." लोक हसले. पण हातात अक्षता पडल्यावर आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीला वळसा घालून रांग गेली.

त्या रांगेत गवराबाई होत्या. त्यांच्यामागे मी.

गवराबाई आमच्या घरमालकीण. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. आम्ही परभणीहून आलो तेव्हापासून त्यातल्या एका खोलीत राहतो. भाडेकरू म्हणून त्यांनी मला कधी वागवलं नाही. दोघींच्या गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला दोघी मिळून आळंदीला जायचो. त्या वर्षी मंदिर बंद होतं, म्हणून त्यांच्या ओट्यावरच हरिपाठ म्हणायचो.

त्या रांगेच्या आदल्या दिवशी एकादशी होती. हरिपाठ अर्ध्यावर असताना त्या थांबल्या. डावा हात चोळायला लागल्या.

"छातीत भरल्यावानी व्हतंय गं. ह्यो हात बी जड पडलाय."

मी म्हणाले, "आई, साबुदाणा बाधला. पित्त आहे." आत जाऊन सुंठ-साखर आणली, त्यांच्या तळव्यावर ठेवली. उपासाला चालते, म्हणून तीच आणली. त्यांनी खाल्ली, ढेकर दिली. मला बरं वाटलं.

"नवनाथला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. नवनाथ त्यांचा मुलगा. "उगं दवाखाना करंल. उद्या कस्तुराच्या अक्षतांना जायाचंय."

मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात कस्तुराताई टेबलाशी बसून नावं लिहीत होत्या. सुई टोचणारी सिस्टर आत होती. गवराबाईंचा नंबर आला तेव्हा ताईंनी विचारलं, "मावशी, काई दुखतंय का? छातीत, डोक्यात? काई तरास?"

गवराबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाई बया. ठणठणीत हाय मी."

मी गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

मी रोज दिवेलागणीला वही लिहिते, लग्नाआधीपासूनची सवय. काय शिजवलं, कोण आलं, कुठला अभंग म्हटला. त्या तीन दिवसांची पानंही लिहिली आहेत. चौथ्या दिवशी ती वही मी जुन्या सोवळ्यात गुंडाळली आणि देव्हाऱ्याच्या फळीखाली सारली. नवी वही आणली.

पुढे काय झालं ते वस्तीला माहीत आहे. भीमराज दशक्रियेला आला आणि घाटावरच म्हणाला, "म्हातारीला अक्षता देऊन नेली राव. बोकडाला हळद लावत्यात, तसं." अर्जुनरावांनी रातोरात फ्लेक्स काढला आणि शिबिराशी आपला संबंध नव्हता म्हणून सांगितलं. सगळं कस्तुराताईंवर आलं. चार महिन्यांनी तालुक्याहून चौकशीचा कागद आला. हृदय आधीपासून खराब होतं, लसीशी संबंध आढळला नाही, असं त्यात होतं. तो कागद कुणी चौकात वाचला नाही. कागद खरा की खोटा, मला काय कळणार. मला कळत होतं ते एवढंच, की ताईंनी विचारलं होतं.

त्यानंतर महिनाभर रोज सकाळी ताईंच्या दारात कुणीतरी मूठभर कुंकवाचे तांदूळ फेकून जायचं. त्यांची खोली आमच्या मागच्याच ओळीत. पत्र्याच्या दारावर तांदूळ आपटला की कसा आवाज येतो ते मला माहीत आहे. गारांची सुरुवात व्हावी तसा. मी चहा ठेवलेला असायचा आणि तो आवाज यायचा. मग खराट्याचा. ताई रोज झाडून काढायच्या. चिमण्यांना टाकायच्या नाहीत, कागदात भरून इंद्रायणीला सोडून यायच्या. मी एकदा विचारलं, कशाला एवढं? म्हणाल्या, "आवतण हाय गं ते. पायदळी कसं जाऊ द्यायचं?"

पाच वर्षांत त्यांनी मला तीनदा विचारलं.

पहिल्यांदा नळावर. हंडा भरत होता, त्यांचं लक्ष नव्हतं, पाणी वाहून चाललेलं. "वर्षाली, तू मावशीच्या मागंच व्हतीस ना? मी इचारलं व्हतं का गं? त्या दिशी दीडशे माणसं झाली. सगळ्यांना इचारलं असंल ना मी?"

मी म्हणाले, "आठवत नाही, ताई."

दुसऱ्यांदा आळंदीत, घाटाच्या पायरीवर. तेव्हाही मी तेच म्हणाले. समोर नदीवर साबणासारखा फेस तरंगत होता, मी त्याकडे बघत बसले.

तिसऱ्यांदा त्यांच्या मुलाच्या, माऊलीच्या लग्नात. मुलीकडचे तळेगावचे, त्यांना इथलं काही माहीत नव्हतं, म्हणून जमलं. मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते. ताईंची मूठ वळलेलीच. पाचही अष्टकं संपली, बँड वाजला, तरी मूठ उघडेना. मी जवळ गेले. घामाने कुंकू विरघळून त्यांच्या बोटांच्या फटीतून लाल ओघळ आला होता. "टाकवत न्हाई," त्या म्हणाल्या. "टाकलं आन् पोराला काय झालं तर? खरं सांग वर्षाली. मी इचारलं न्हवतं, व्हय ना?"

मी त्यांची मूठ पदराने पुसली. "आठवत नाही."

का नाही सांगितलं? नवनाथभाऊ खोली सोडायला लावतील ही एक भीती. पण खरं कारण सुंठ. ज्या हाताने मी देवाला गंध लावते त्याच हाताने सुंठ दिली होती आणि मला बरं वाटलं होतं. ताईंनी विचारलं असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणारच होता. मग म्हातारी काय म्हणाली? आणि तू काय केलंस? एकादशीला आजही मी सुंठ कुटते तेव्हा वास आला की मान वळवलेल्या गवराबाई दिसतात. रागाने नाही बघत. सांगू नकोस हं, असं बघतात. देवासमोर डोळे मिटले तरी फळीखालची वही आधी दिसते, देव नंतर.

यंदा चौदा वर्षांच्या मुलींसाठी लस आली, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. पुन्हा तेच सुरू झालं. फ्लेक्स लागले, मोबाइलवर मेसेज आले, मुलींना पुढे मूल होणार नाही असं लोक बोलायला लागले. माझी तेजल चौदाची. नवनाथभाऊंची मुलगी तिच्याच वर्गात. शाळेत पालकांची सभा झाली. कस्तुराताई उभ्या राहिल्या, संमतीचा कागद वाचून दाखवला. हातात डबा नव्हता. मागून भीमराज म्हणाला, "अक्षता न्हाई आणल्या का ह्या बारीला?" काही बायका पदराआड हसल्या.

मग नवनाथभाऊ उठले. ते कधी बोलत नाहीत, म्हणून सगळे गप्प झाले.

"मला एकच सांगा, कस्तुराताई. माझ्या आईला इचारलं व्हतं का, काय दुखतंय म्हणून? व्हय म्हणा, मी आत्ता सही करतो. न्हाई म्हणा, ही पोर जाणार न्हाई आन् गल्लीतली एक बी जाणार न्हाई."

हो म्हणायला ताईंना काय लागलं असतं? एक शब्द. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नवनाथ, मला खात्रीनं सांगता येत न्हाई."

सगळी सभा कुजबुजायला लागली. कुणी चप्पल घालायला लागलं. तेजल माझ्याकडे बघत होती.

शाळेपासून खोली दोनशे पावलं. मी गेले, फळी उचलली, सोवळं सोडलं आणि वही घेऊन आले. लोक अजून फाटकातच होते. मी उभ्यानेच वाचलं. एकादशीचं पान आणि द्वादशीचं पान. छातीत भरल्यासारखं. डावा हात. सुंठ-साखर. नवनाथला सांगू नकोस. कस्तुराताईंनी विचारलं. न्हाई बया. मी गप्प राहिले. शेवटच्या ओळीशी मी थांबले. ती तेजलने माझ्या खांद्यावरून वाचली.

नवनाथभाऊंनी एवढंच विचारलं, "सुंठ तुमी दिली?"

"मी."

ते फाटकातून परत आत वळले. मग टेबलाशी आले, कागदावर सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. खोली सोडा असं अजून म्हणाले नाहीत. अंगणात समोर आले तर बाजूला होऊन वाट देतात, तेच जास्त लागतं.

कस्तुराताईंनी वही माझ्या हातातून घेतली. ते पान स्वतः वाचलं, एका ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. मला वाटलं आता रडतील, किंवा मारतील. त्यांनी वही मिटली, टेबलावर ठेवली आणि पिशवी खांद्याला लावून गेल्या.

आठवडाभर त्या माझ्या दारावरून गेल्या, थांबल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्याकडे गेले. दार उघडं होतं, "या" म्हणाल्या नाहीत.

लसीचा दिवस उजाडला. दवाखान्यात मुलींची रांग होती. टेबलाशी कस्तुराताई. प्रत्येक मुलीला सगळे प्रश्न विचारत होत्या, एकही गाळत नव्हत्या. उत्तर लिहायच्या, लिहिलेलं मुलीला वाचून दाखवायच्या. रांग खोळंबली होती, आतून सिस्टर ओरडली, "ताई, आवरा की!" त्या आवरत नव्हत्या.

तेजलचा नंबर आला. मी तिच्या मागे.

"काही त्रास? ताप, चक्कर? सकाळी खाल्लंस?"

तेजल म्हणाली, "हो. काही त्रास नाही." आणि वळून माझ्याकडे बघितलं.

मी ते बघणं ओळखलं.

कस्तुराताईंनी पेन खाली ठेवलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता तुमी सांगा. मागं उभ्या हात ना?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"एकादशी आहे," मी म्हणाले. "माझ्याबरोबर हिनेही धरली आहे. कालपासून पोटात काही नाही. सकाळी अंघोळीनंतर चक्कर आली होती, न्हाणीच्या दाराला धरून उभी होती."

ताईंनी ते सगळं लिहिलं, एक एक शब्द. मग कागद बाजूला ठेवला.

"जेवू घालून आणा तिला. दुपारपर्यंत मी हितंच हाय."

घरी माझ्या मुलाच्या, ओमच्या डब्यासाठी सकाळी लावलेला भात उरला होता. आमच्या घरात एकादशीला माळकऱ्याच्या ताटात भाताचं शीत पडत नाही. मी पाट मांडला, तेजलला बसवलं आणि तो भात वाढला. ती बघत राहिली. मी म्हणाले, "जेव." ती जेवायला लागली, आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी समोरून उठले नाही.