हिराबाईने मुद्दाम काढलेलं भांडण

बदलापूरहून भाचीचा फोन आला, "मामी, आई गेली." मी विचारलं, "कोणाशी भांडून?" ती आधी हसली, मग रडली... माझी नणंद हिराबाई फार भांडखोर, असं दहाव्यालाही चार जण बोलले. आता ती नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही.

तिच्या दिराच्या मुलाने, बाळूने, एक गट काढला होता. मांजर्लीत घेतलेल्या एका खोलीत तलवारी, भिंतीवर लिहिलेली शपथ. मिरवणुकीच्या दिवशी कॅम्प दोनच्या बाजारातली 'त्या लोकांची' दुकानं जाळायची ठरली होती. हिराबाई ब्लाउजपीस तिथूनच आणायची. गटात सात जण, सगळे सोयरे. तिचा जावई दत्ता आणि माझा मुलगाही. तिने दत्ताला विचारलं, "तुला पटतं काय हे?"

"पटायचं काय त्यात, आई? बाळूदादा बोलला. मेव्हणा आहे, नाय कसं बोलणार?"

माझा मुलगा म्हणाला, दत्ता आहे म्हणून मी आहे. शपथ एकालाही पाठ नव्हती.

हिराबाई म्हणाली, "वहिनी, हा गट नाय, पंगत आहे. मधून उठायची लाज वाटते सगळ्यांना." पोलिसांत जावं तर पहिला जावईच आत.

मग बाळूच्या मुलीची हळद आली. चुलत आजी म्हणून हिराबाईला मानाची साडी मिळाली, चांगली जरीची. तिने ती माझ्या पिशवीत कोंबली, "तोंड उघडू नको" म्हणाली आणि भर मांडवात बॅन्जो बंद करायला लावला. "सगळ्यांना साडी, मला नाय? बाळ्या, तुझं ढुंगण धुतलंय मी! आजपासून माझं माणूस तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाय!"

बाळू देवाची शपथ घेऊन सांगत होता, साडी दिली म्हणून. कोण ऐकतो? सासूचा मान गेल्यावर जावई कसा थांबेल? आत्याचा गेल्यावर भाचा? जेवणाआधी पाच जण उठले. मटण चुलीवरच राहिलं, त्याचं दत्ताला फार लागलं.

उरले बाळू आणि त्याचा साडू. मिरवणुकीच्या सकाळी दोघे तलवारींसकट पोलिसांना सापडले. अजून कोर्टाच्या तारखा चालू आहेत.

हिराबाईने खरं कोणाला सांगितलं नाही. "सांगितलं की समेट होईल, वहिनी, आणि समेट झाला की परत पंगत." ती साडी मी नेसले. पहिल्याच धुण्यात रंग गेला.

दत्ता अंबरनाथच्या कंपनीतून पाळी संपवून घरी यायचा, चहा प्यायचा आणि सासूने सोयरीक कशी तोडली ते येईल त्याला ऐकवायचा. एकदा मी तिला म्हटलं, "जावई तुला शिव्या घालतो, ऐकवत नाही गं."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घालू दे की. घरी बसून घालतोय ना?"