पहिला थेंब जमिनीले

सुनेनं मोहफुलं वाळत घातली की त्या गोड, आंबूस वासानं मी जुन्या चांद्याला पोचते. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती, आमचं लग्न तर नवंच. दिवसभर किल्ल्याचा परकोट पाहून आम्ही दोघं यांच्या ओळखीच्या गोंड बाईकडे टेकलो. तिनं पानाच्या दोन्यांत मोहाची दारू दिली. यांनी दोना थेट तोंडाला लावला, तशी तिनं मनगट धरलं.

"पह्यला थेंब जमिनीले! किल्ला बांधनारे आमचे पुरखे तहानलेलेच रायतीन का?"

मीही माझा दोना उचलला, तसे हे तडक उठले. "चाल घरी. आपल्यात बायका पीत नाई."

मी थेंब जमिनीवर सांडला आणि दोना रिकामा केला. घसा जळला. घरी चार दिवस अबोला.

अजूनही दोना हाती आला की पहिला थेंब जमिनीचा. हे गेल्यापासून त्यात यांचाही वाटा असतो. बाकी दोना माझा.