पालखीवरचं छत

मार्थाबाईंनी मला जगवलं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तुमच्या मनात राहील — आणि माझ्याही. कारण पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या दुकानात उभा जन्म काढला त्या शेठना नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी इथला नव्हे. बालाघाटाच्या माथ्यावरचा. सहावीत शाळा सोडली आणि मोठा झाल्यावर मजुरांच्या एका टोळीबरोबर घाट उतरून अलोऱ्याकडे कामाला आलो. आलो तो मुदतीच्या तापाने पडलो. काम संपलं तशी टोळी पुढे गेली, आणि जाताना मला चिपळुणाच्या आतल्या एका गावात, दवाखान्याच्या पडवीत ठेवून गेली. दवाखाना म्हणजे मानकऱ्यांच्या घराची एक खोली. तिथे मार्थाबाई होत्या. मिशनच्या नर्स, मिरजेकडच्या. पंचक्रोशीतली बाळंतपणं, विंचू, खरूज, सगळं त्या एकट्या बघायच्या.

त्यांनी मला पेज भरवली. माझे कपडे धुतले — कसले कपडे, ते तापातल्या माणसाचे असतात तसले. उठून बसायला लागल्यावर जोडाक्षरं पुन्हा गिरवून घेतली. आज हे लिहितोय ते त्यांच्याच हातचं. बरा झाल्यावर चिपळूणच्या मंडपवाल्या शेठकडे स्वतः घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हा माझा माणूस आहे." बस. त्या शब्दावर मला काम मिळालं. प्रार्थनेला ये, असं त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत. हेही लिहून ठेवतो.

मी मात्र सारखा भिऊन असायचो. परका माणूस. काम जाईल, शेठ हाकलेल, परत जायला तोंड राहिलेलं नाही — असलं काहीबाही दिवसभर डोक्यात. पण ही सबब म्हणून सांगत नाही. तसा होतो, इतकंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात टीव्ही नव्हता. गुड फ्रायडेच्या आठवड्यात मिशनची जीप मशीन आणि रिळं घेऊन येणार होती — येशूला क्रूसावर दिलं त्याचा पिक्चर. बाईंनी तो गावाला दाखवायचं ठरवलं आणि रीतसर मानकऱ्यांना विचारलं. देवळात बैठक बसली. शिमग्याला आलेला एक चाकरमानी अजून गावातच होता. तो म्हणाला, "मुंबैत बघितलंय मी. आज पिक्चर, उद्या पाव, परवा नावं बदलतील."

मानकरी — सगळे त्यांना दादा म्हणायचे — पान लावता लावता बोलले, "बाईनं तुज्या पोराची नाळ कापलीन, तवा त्याचं नाव बदललान काय रे?"

देऊळ हसलं. चाकरमानी हसला नाही. दादा म्हणाले, "होऊ दे पिक्चर. माजा शब्द."

पडदा मी आणायचा होता. जीपवाल्यांकडचा पडदा फाटका होता, आणि बाईंनी मोठ्या हक्काने मला निरोप धाडला होता, एक पांढरं कापड घेऊन ये. पण लग्नसराई. दुकानातलं झाडून सगळं कापड मंडपांवर गेलेलं. शेठना विचारायचं होतं, विचारलं नाही. "कापड नाही" असं बाईंना सांगायचं होतं, तेही झालं नाही. त्यांनी मागितलेली एवढीच गोष्ट, आणि तीही नाही म्हणू?

दुकानात एक पेटी होती. शिमग्यात गावदेवीची पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसते. तेव्हा तिच्या डोक्यावर पांढरं छत बांधतात. गुलालाने माखलेलं ते छत गुरव दरवर्षी आमच्याकडे धुवायला देत. धुऊन, इस्त्री करून, पेटीत. देताना त्यांनी मला बजावलं होतं, "भुईला लावू नको, आणि दुसऱ्या कामाला काढू नको." बजावलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ठाऊक होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली!

मी ते काढलं.

बाईंनी ते दवाखान्यासमोरच्या खळ्यात बांधलेलं बघितलं आणि हात लावून म्हणाल्या, "कुठलं रे इतकं पांढरं?" मी म्हणालो, "दुकानातलं."

सगळा गाव आला. बौद्धवाडीतली माणसंही आली, तिथली पोरं अगदी पुढे, पडद्याच्या बांबूला टेकून बसली. पिक्चरमध्ये काय काय होतं ते मला विचारू नका, मी बघितलाच नाही. मी कापडाचा उजवा कोपरा बघत होतो. तिथे गुलालाचा एक फिकट डाग राहिला होता, धुऊनही न गेलेला. चित्र चालू असलं की तो दिसत नव्हता. क्रूस आला, खिळे आले, लोक रडायला लागले. एक म्हातारी मोठ्याने बोलत होती, "अगो बाय, आवस बघत्येय ना त्याची! आवशीसमोर मारतायत मेले!" कुणी तिला गप्प केलं नाही. दादांनी उपरण्याने डोळे पुसले. मी कोपरा बघत होतो.

मग रीळ संपलं. दुसरं चढवायचं होतं आणि मशीनचा दिवा तसाच चालू राहिला. कोऱ्या कापडावर नुसता उजेड. डाग दिसला. शिवणीची लाल किनार दिसली. गुरवीणबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, ह्ये तर पालखीवरचं छत!"

पुढचं रीळ लागलंच नाही. त्यात तो पुन्हा उठतो म्हणे. गावाने ते बघितलं नाही. त्यांच्यापुरता तो तिथेच राहिला.

सकाळी सगळे देवळात. रात्रीतून गोष्ट मोठी झाली होती — मुद्दाम केलं, देवीच्या कापडावर दुसऱ्या देवाला मारून दाखवला, बाटवलं. बौद्धवाडीची पोरं त्या छताच्या बांबूला टेकली होती, हे मोठ्याने कुणी म्हटलं नाही. पण ते सगळ्या बोलण्याच्या खाली होतं, हे मला परक्यालाही कळत होतं. बाई बाहेर पायरीपाशी उभ्या. आत त्या कधीच येत नसत, इतरांना अवघड नको म्हणून.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्या मुलखात असं नसतं. इथे देवीला हाक मारून मोठ्याने सांगतात आणि सगळे एका आवाजात होकार देतात. "बा देवी, तुजं छत कुणी काढलान, कुणाच्या सांगण्यावरनं काढलान, ते तुज्या पायाशी खरं होऊ दे!"

"होय म्हाराजा!"

मला नारळावर हात ठेवायला लावला. दादांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, कसलं कापड ते?" गुरव समोरच होते. नाही कसं म्हणणार?

"होतं," मी म्हणालो.

"मग?"

इथे थांबता आलं असतं. मार बसला असता, काम गेलं असतं. मी म्हणालो, "बाई म्हणाल्या, काही होत नाही, तेच आण."

चाकरमानी म्हणाला, "बघा दादा. तुमचा शब्द."

दादा दारापाशी गेले. "बाई, खरं काय ह्ये?"

मार्थाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेज दिल्यावर उलटी होते का म्हणून बघायच्या, तशा. मग दादांना म्हणाल्या, "त्याला घरी जाऊ द्या. ताप आहे त्याला."

मला ताप नव्हता.

दादांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. मग खाली बघून म्हणाले, "बाई, खोली मोकळी करा." गुरवांनी पुन्हा देवीला सांगितलं, खरं झालं, म्हणून. सगळे म्हणाले, होय म्हाराजा. त्या आवाजात माझाही आवाज होता. मी म्हणालो ते. ओठ हलवले नाहीत नुसते — म्हणालो.

छत देवीला परत लागलं नाही. गावाने नवीन शिवून घेतलं. शेठनी मला ठेवून घेतलं — बाईंनी फसवलं बिचाऱ्याला, म्हणून. बाई गेल्या त्या दिवशी मी स्टँडजवळ एका लग्नाचा मंडप बांधत होतो. घाटाकडे जाणारी एसटी वळली. खिडकीत त्या होत्या. मी सुंभ शोधायचं निमित्त करून खाली वाकलो, आणि गाडीचा आवाज जाईपर्यंत वाकूनच राहिलो.

नंतर एकदा मिशनचा जीपवाला बाजारात भेटला. म्हणाला, बाईंनी विचारलंय, वेळेवर जेवतो का. मी म्हणालो, जेवतो म्हणून सांग.

दवाखान्याच्या खोलीत पेंढा भरला. पुढच्या पावसाळ्यात दादांच्या सुनेला डोलीतून नदीपलीकडे न्यावं लागलं. मूल राहिलं नाही. ते माझ्या खाती आहे का? कुणी मला तसं म्हटलेलं नाही. कोण म्हणणार? कुणाला माहीतच नाही. रडू यावं असं पुष्कळदा वाटलं, येत नाही. आत काही नाहीच आता. बांबू उभा करताना जमिनीत पाडलेलं भोक असतं ना, मंडप निघाल्यावर तसंच राहिलेलं — तसं काहीतरी.

दर शिमग्याला मी त्या गावी जातो. छत मीच बांधतो, धुतलेलं, इस्त्रीचं. पालखी बसते, गाऱ्हाणं होतं, मी मागे उभा असतो. दादा थकलेत, पण सहाणेवर येतात. चाकरमानीही येतो, आपल्या नातवंडांना घेऊन. सगळे आहेत. बोलायला एक श्वास पुरेल. मी दोरीची गाठ तपासत राहतो.

मार्थाबाई आहेत अजून. मिरजेला, भाचीकडे. डोळ्यांनी दिसत नाही म्हणे.

बाई, तुमचं मी फेडीन. एका शिमग्याला त्याच नारळावर हात ठेवून, दादांसमोर, मोठ्याने सांगेन — बाई म्हणाल्या नव्हत्या, मी काढलं. मग ते होय म्हणोत, नाहीतर गप्प बसोत. सांगेन.