सात नंबरचा टॅग

आधीच सांगते, मी बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली आहे. अंगारा, ताईत, लिंबू-मिरची... आमच्या दाराला कधी शिवलं नाही, पुढेही शिवणार नाही. तरी हे लिहून राहिले, कारण एका कागदावर माझी सही मागत होते आणि मी ती दिली नाही. का दिली नाही, ते इथे तरी पूर्ण सांगू द्या.

मी यवतमाळकडची. नववीत शाळा सुटली, मावशीच्या आधाराने भिलाईला आले. रिसालीत मेश्राम काकांचं कंट्रोल पॅनलचं वर्कशॉप होतं. काका भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांनी मला आधी वायर सोलायला बसवलं, मग सोल्डरिंग, मग थेट प्रोग्रामिंग. "मी नववीवाली, काका, मले नाही जमणार," म्हटलं की म्हणायचे, "मशीन मार्कशीट मागते का तुले?" आजही नवं काम घेताना आधी 'नाही जमणार' हेच तोंडात येतं. पण जे येतं ते सगळं त्यांचं देणं आहे.

अहिवाऱ्याजवळच्या एका दगड फोडायच्या क्रशरचा बेल्ट आमच्या कॉम्प्युटरवर चालतो. कॉम्प्युटरच्या सगळ्यात आत कर्नेल असतं. कुठलाही प्रोग्राम काही मागायला आला की ते आधी तपासतं — तू कोण, तुला हक्क आहे का? 'रूट'चा प्रोग्राम असला की सगळं माफ. रूट म्हणजे मालक, आणि बेल्टचं स्टार्ट बटण रूटच्याच नावाने चालायचं. काकांना हेच खटकायचं. प्लांटचा नियम त्यांच्या हाडात मुरलेला — मशीनमध्ये उतरणाऱ्याने स्विचवर आपल्या नंबरचा लाल टॅग लावायचा, आणि ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. कितीही मोठा साहेब आला तरी दुसऱ्याच्या टॅगला हात लावत नाही. तोच नियम त्यांनी माझ्याकडून कर्नेलमध्ये लिहून घेतला. स्क्रीनवर टॅग लागला असेल तर रूटलाही नकार.

"आत माणूस असंल तं मालक बी अडलाच पाहिजे, बाई."

काकांचा स्वतःचा नंबर सात.

काका गेले. वर्षभराने क्रशरवर नवा कॉम्प्युटर बसला. टॅगची तपासणी नव्या कर्नेलमध्ये बसेना, इकडे मालकाची घाई... मी ती वगळली. पुढच्या आठवड्यात टाकू म्हटलं. ही चूक माझी. आजही माझीच.

तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनची शिफ्ट बदलताना, मी कंट्रोल रूममध्येच होते. फिटर दुकालू अडकलेला दगड काढायला बेल्टवर चढला होता. स्क्रीनवर टॅगची सोय उरली नव्हती, म्हणून जुन्या ऑपरेटरला नुसतं तोंडी सांगून गेला. तो ऑपरेटर घरी निघून गेला. नवा ऑपरेटर साहू, त्याला काहीच माहीत नाही. त्याने स्टार्ट दाबलं.

नकार.

"का होगे, मैडम?" म्हणत त्याने परत दाबलं. नकार. तिसऱ्यांदाही नकार. मी लॉग, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, उघडला. तीन ओळी, तिन्ही सारख्या — रूट, परवानगी नाही, टॅग सात.

खिडकीतून पाहिलं तर बेल्टवर पिवळं हेल्मेट. अशी ओरडले की घसा बसला. दुकालू बेल्टवरून उतरून कंट्रोल रूममध्ये आला. "मार डारबे का रे साहू!" म्हणून शिव्या देत जो सुटला, तो थांबेना. नंतर साहूने भीत भीत चौथ्यांदा बटण दाबलं... बेल्ट सुरू. मध्ये मी काही बदललं नव्हतं. टॅग कोणी काढला, ते लॉगमध्ये नाही.

चौकशीला मालकाने रायपूरहून इंजिनियर बोलावला; त्याने तयार रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "पुराना कोड रह गया होगा. नौवीं फेल से और क्या होगा? साइन करो, मैडम. नहीं तो काम दूसरे को देंगे."

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क रिसालीच्या वर्कशॉपच्या कपाटात, कुलपात होती. नवं कर्नेल मी त्याच्यासमोर उलगडलं — त्यात टॅग हा शब्दच नव्हता. त्याने स्वतः दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा बेल्ट फिरला.

"फिर लॉग में किसने लिखा?"

"मले नाही माहीत, सर."

"रिपोर्ट में ऐसा नहीं चलता."

"मग चालवून घ्या," म्हटलं. कागदावर माझ्या हाताने दोन ओळी लिहिल्या — तपासणी मी वगळली, चूक माझी. बेल्ट का अडला, कारण माहीत नाही. त्याखाली सही केली. त्यांच्या कागदावर नाही.

दुसऱ्या दिवशी दुकालू बेल्टपुढे फोडायला नारळ घेऊन आला. मी म्हटलं, "खायचा असंल तं फोड, पुजायचा असंल तं घरी ने." खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

काम अजून तरी माझ्याकडेच आहे, उद्याचं माहीत नाही. तपासणी मी त्याच आठवड्यात परत बसवली. सगळ्यांना नंबर दिले — दुकालू तीन, साहू चार. सात कोणालाच दिला नाही. इंजिनियरने यादी पाहून विचारलं, "ये सात खाली क्यों? हटा दो."

मी म्हटलं, "तो माझा टॅग नाही, सर."