मुका गियर

सायकलदुरुस्तीच्या दुकानात सगळे त्यांना कानसेन म्हणत. त्यांची रीतच तशी होती. सायकल स्टँडवर टांगायची, पेडल फिरवायचं आणि डोळे मिटायचे. साखळी लहान चक्रावरून मोठ्यावर चढताना ‘टक्’ वाजलं की गियर बसला. कुरकुर ऐकू आली की तार अजून पाव फेरा आवळायची. डोळे मिटले की त्यांना रस्ता दिसायचा. त्या सायकलीच्या वाटेवरचा चढ, झाडांच्या सावल्या, पलीकडच्या उतारावर हात सोडून निघालेलं कुणीतरी. चाळीस वर्षं हा माणूस सकाळच्या उन्हात उभ्या उभ्या असा फिरून यायचा. रागावणारं कुणी नव्हतं, दुकान त्यांचंच होतं.

गेल्या वर्षापासून मात्र सायकली परत यायला लागल्या. नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या नर्सबाईंच्या सायकलची साखळी तर चढावर तीनदा सटकली. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ हे दुसऱ्यांना ऐकवायची कानसेनांना भारी हौस. आता स्वतःच साखळीला नावं ठेवू लागले. रस्ताही दिसेनासा झाला होता. ते मनातून पार घाबरले होते. पण ज्याच्या नावातच कान, त्याने हे सांगायचं कुणाला?

त्या सकाळी नर्सबाई चौथ्यांदा सायकल ठेवायला आल्या, तेव्हा बापलेकीची जुंपली होती. दुकानातच काम करणाऱ्या मुलीने बॅटरीवरचा नवा गियर एका सायकलला बसवला होता. तार नाही, नुसतं बटण.

“भर चढावर बॅटरी संपली की काय, सायकल खांद्यावर घ्यायची?” कानसेन कडाडले.

“आणि तुमची तार तुटते तेव्हा काय करतात, बाबा?”

“तार आधी कुरकुरते, सांगून जाते! हा तुझा गियर मुका. हूं नाही की चूं नाही.”

मुलीने बटण दाबलं. आतली मोटर भुंग्यासारखी गुणगुणली. दारातल्या नर्सबाईंनीही वळून पाहिलं. कानसेन उत्तराची वाट बघत होते. मग त्यांनी दोघींचे चेहरे पाहिले.

“वाजतंय का ते?”

“हो, बाबा.”

“तुला कधीपासून ठाऊक?”

“वर्ष झालं. तुम्ही जेवायला गेलात की मी गियर पुन्हा लावते. काही माझ्या हातून सुटतात.”

कानसेन स्टुलावर बसले. “मग मी आता करायचं काय इथे?”

नर्सबाई सायकल ठेवून गेल्या. मुलीने ती स्टँडवर टांगली, बाबांना उठवून त्यांचं बोट मागच्या चाकाजवळ तारेच्या नळीवर टेकवलं आणि पेडल फिरवलं. नळीतून बारीक थरथर आली, खरखरीत. त्यांनी डोळे मिटले.

“पाव फेरा,” ते म्हणाले. तिने आवळलं. पुन्हा फिरवलं. बोटाला एकच टिचकी बसली, स्वच्छ. कानसेन बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. चढ संपून उतार लागला होता.

दुपारी ते जेवायला गेले, तेव्हा मुलीने त्या सायकलीला हात लावला नाही.