बिनवासाचं घर

निघायच्या दिवशी बाबा बॅगेला दोरी बांधायला बसले होते आणि आई घातलेल्या घड्या पुन्हा उघडत होती. उल्हासनगर कॅम्प पाचमधली आमची दोन खोल्यांची जागा. खाली भाड्याची सुमो हॉर्न वाजवत उभी. आईने घडीघडीत मोगऱ्याच्या अगरबत्त्या सरकवल्या. "तिकडं एकटं वाटलं तर बॅग उघडायची," म्हणाली. रोज संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे आमची वंदना व्हायची, तेव्हा हाच वास घरभर असायचा.

कॅनडातल्या एका विद्यापीठात मला नोकरी लागली होती. ऑफिसच्या दारावर सूचना: सुगंधी काही लावून येऊ नये. म्हटलं, आपण कुठे सेंट मारतो! ऐटीत आत गेले. शेजारच्या टेबलावरची मार्गरेट तासाभरात खोकायला लागली, मग तिची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. चारचौघांत ती काही बोलली नाही. बाहेर नेऊन हळूच म्हणाली, दोष तिच्या फुफ्फुसांचा आहे, पण माझ्या स्वेटरचा वास तिला सोसत नाही. दुसऱ्या दिवशी तिने बिनवासाचा साबण आणून दिला. इतक्या चांगल्या बाईवर रागावायचीही सोय नव्हती.

अगरबत्त्या टाकून दिल्या, सगळे कपडे पुन्हा पुन्हा धुतले. शेवटी स्वेटर नाकाशी धरला, तर कशाचाच वास येईना. बाहेर बर्फ, इमारतीत ओळखीचं कुणी नाही. खूप रडले. देशात राहिलेल्यांना हे खूळ वाटेल. बाहेर पडलेल्यांना वाटणार नाही. मग एकच ध्यास लागला: घरी जायचं, दार उघडायचं आणि छातीभर श्वास घ्यायचा.

कॉलिंग कार्डावरून फोन लावून आईला सांगितलं, "अगरबत्त्या पाठवू नको हं. इथे एकीला वासाने दम लागतो."

आई म्हणाली, "एकीला म्हणजे?"

"ऑफिसमधल्या बाईला गं."

"बरं, बरं."

आमच्या घराची एक खोड इथे सांगायला हवी. आजार आम्ही नेहमी दुसऱ्याच्या नावावर खपवतो. अंबरनाथच्या कंपनीतल्या 'एकाला' शुगर निघाल्याचं बाबा कितीतरी दिवस सांगत होते. शेवटी गोळ्या त्यांच्याच खिशात सापडल्या.

दोन वर्षांनी घरी आले. दारातच डोळे मिटून श्वास घेतला. काहीच नाही. फोटोंपुढे नुसती मेणबत्ती जळत होती.

"आई, अगरबत्ती?"

"तू फोन केला तेव्हापासून बंद. वास भिंतीत मुरतो ना. बाजूच्या भाभीला पण बोलले, पोरगी येणार, धूप जरा कमी कर."

"अगं, मला काही होत नाही!"

"हो, माहितीये. एकीला होतं."

मी हट्टाने पुडा आणला, काडी लावली. मोगरा पसरला. आई वंदना म्हणत होती, नजर मात्र माझ्या छातीवर. तो वास आत गेला आणि मला हुंदका आला, श्वास अडकला. आईने झटकन काडी विझवली, खिडकी उघडली. "बोलले होते ना? आमच्यापासून लपवते," म्हणत माझी पाठ चोळत राहिली. तिचा हा समज मला दूर करता आला नाही.

कॅनडात मार्गरेटसाठी मी बिनवासाची राहते, उल्हासनगरात माझ्यासाठी आई. घर कुठलं विचाराल, तर आपल्याला नसलेल्या आजाराचीही जिथे कुणी काळजी करतं, ते. तिथे मी आता वर्षाआड पाहुणी म्हणून जाते, आणि मी पोचायच्या आत आई सगळ्या खिडक्या उघडून ठेवते.